तीन पानांचं संत्रं

मी खुंट बोलतोय. मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या तारेखाली जे काटेरी झाड होतं आणि ज्याला घरातले सगळे 'ते काय ते' म्हणत, तो मी. सांगायला बसलोय खरा, पण सुरुवातीचं मला कितपत धड आठवतंय, याची शंकाच आहे. झाडाची आठवण खोडातल्या वलयांमध्ये साठते म्हणतात. माझं अगदी आतलं वलय बांगडीएवढंसुद्धा नाही, त्यात असं काय मावणार? तेव्हा तपशिलात चूक निघाली, तर ती माझी. राग मात्र अगदी लख्ख आठवतो. त्यात चूक नाही.

माझा जन्म रोपवाटिकेतला. मी पेन्सिलीएवढा जाड झालो, तसं एका माणसानं माझं डोकं छाटलं, सालीत चीर पाडली, तिथे दुसऱ्याच झाडाची काडी खोचली आणि पट्टीनं करकचून बांधून टाकलं. याला कलम म्हणतात. वरच्याला फळाचं कौतुक. खालचा नुसता खुंट. आमची जात थंडीला दाद देत नाही, मुळं चिवट, म्हणून आम्हाला पायाशी घेतात. राबायचं आम्ही, नाव त्याचं. माझ्यावर काय बसवलं होतं, ते मला दिसलं नाही. स्वतःच्या डोक्यावरचं कुणाला दिसतं? विकणारा 'संत्रं' म्हणाला. विकणारे काय, काहीही म्हणतात.

मला घरी आणलं ते सरांनी. कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवून निवृत्त झालेले, बारीक, जरासे वाकलेले सर. त्यांच्या बायकोला, बाईंना, अंगणात संत्र्याचं झाड हवं होतं. त्या तेव्हाच आजारी होत्या, खिडकीत बसून असायच्या.

"सरळ लागलंय का गं?" सरांनी खड्ड्यातूनच विचारलं.

"तुमच्यासारखंच लागलंय. जरा डावीकडे झुकून."

सरांना एक खोड होती. कोणतंही वाक्य ते 'बहुतेक' लावल्याशिवाय सोडत नसत. दगड भिंगाखाली घालून, ओरखडून, जिभेला लावून झाला तरी 'हा बहुतेक अमुक' असंच म्हणायचे. जेवढं माहीत आहे तेवढंच ठासून बोला, हेच त्यांनी आयुष्यभर मुलांना शिकवलं होतं. बाई चिडवायच्या, "लग्नाला होकार दिला, तोसुद्धा बहुतेक म्हणून!"

त्या हिवाळ्यात बाईंना इस्पितळात ठेवलं. सरही तिकडेच असायचे. अंगणात दव गोठायला लागलं आणि माझ्या डोक्यावरचं ते नाजूक झाड करपून गेलं. बोटभर हिरवी काडी तेवढी उरली. मी थोडाच मरणार होतो? कलम बांधलं तिथल्या गाठीच्या खालून माझे स्वतःचे कोंब फुटले. वसंतात सर परत आले, एकटेच. अंगणात येऊन त्यांनी माझी पालवी पाहिली.

"जगलं गं," ते रिकाम्या खिडकीकडे बघून म्हणाले.

त्यांची फसगत झाली ती तिथे. आता तुम्हीच सांगा, त्यात त्या माणसाचा काय गुन्हा?

मी वाढत गेलो. एका देठावर तीन-तीन पानं, बोटभर काटे, हिवाळ्यात सगळी पानझड. सर रोज पाणी घालत राहिले. ती बोटभर काडी माझ्या सावलीत एखाददुसरं पान धरून तग धरून होती; तिच्याकडे कोण बघतो? मग सरांचा मुलगा आणि सून या घरात राहायला आले. मुलाला माझ्या जागेवर गाडीसाठी छप्पर घालायचं होतं. त्यात एकदा माझ्या काट्यानं त्याचा नवा शर्ट फाटला आणि एका रविवारी माझी ओळख परेड निघाली.

"बाबा, हे नक्की कसलं झाड आहे?"

"संत्र्याचं. तुझ्या आईसाठी आणलेलं."

"तीन पानांचं संत्रं? जगात कुठे बघितलंय कुणी?"

फोन पुढे झाला. पहिल्या फोटोला फोननं एक नाव सांगितलं, दुसऱ्याला दुसरं. तिसऱ्या फोटोत मुलाचा अंगठा आला होता, त्यावर फोन म्हणाला, हा कंद आहे. शेजारचे दातांचे डॉक्टर भिंतीवरून डोकावलेच.

"जंगली आहे हो. पक्ष्यांनी बी टाकलं असणार. मी सांगतो ना!"

"डॉक्टर, तुमचा विषय दात ना?" सून म्हणाली.

"मग हे काटे म्हणजे काय? दातच की!"

सगळे हसले. सर हसले नाहीत. "फुलू दे, फळू दे, मग ओळखता येईल," ते म्हणाले. "नुसत्या पानावरून कुणी ओळख सांगू नये."

"बाबा, विषय टाळू नका. तुम्ही खरंच संत्रं आणलं होतं? नीट आठवा."

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"आणलं होतं," ते म्हणाले. मग थांबले. "बहुतेक."

अरे, काय म्हणून! ज्या हातांनी खड्डा खणला त्या हातांचा तरी भरवसा धरायचा! मला वाचा असती तर मी भिंती हलवल्या असत्या. त्या एका शब्दाचं घरात काय झालं, ते मी मागच्या दारातून ऐकलंय. "बाबा, गॅस बंद केलात?" "बहुतेक." जन्मभर ते असंच बोलत आले होते, पण आता त्या शब्दाचा अर्थ लोकांनी ठरवला होता. आधी त्यांची शेगडी गेली, मग किल्ली, मग एकट्यानं फिरायला जाणं. दर वेळी, कुणी विचारलं की, मुलाचं एकच पालुपद: "अहो, त्यांना आईसाठी लावलेलं झाड आठवत नाही, बाकीचं काय घेऊन बसलात?"

सगळ्यात जास्त राग मला सरांचाच आला. तेही हळूहळू मानायला लागले. संध्याकाळी माझ्यापाशी उभे राहून पुटपुटायचे, "मग मी तिला लावून दिलं तरी काय?" एकदा मी त्यांच्या बाहीत काटा अडकवला. थांबा, खाली वाका, ती गाठ बघा, एवढंच सांगायचं होतं. त्यांनी काटा अलगद सोडवला आणि म्हणाले, "माफ कर हं." माझी माफी! तिथे मी हात टेकले.

मग मुलानं मला कापलं. खाली वाकून, करवतीनं, गाठीच्या खालून फुटलेली एकेक फांदी; ती बोटभर काडी तेवढी त्याच्या नजरेतून सुटली. काट्यांनी त्याचे हात सोलून निघाले, तसा बुंधा खणायचं काम त्यानं 'पुढच्या सुट्टीत' म्हणून टाकलं. छप्पर राहिलंच. माझ्या मुळांतला सगळा रस त्या उपाशी काडीत चढला. ऊन मिळालं, काडी तरारली. कपडे वाळत घालताना सुनेला ती दिसली.

"अहो, इकडे या. हे पान बघा, एकेकटं आहे. जरा चुरगाळून वास घ्या."

मुलानं वास घेतला. मग दुसरं पान तोडून पुन्हा घेतला.

"बाबांना सांगू या," सून म्हणाली.

"आत्ताच नको. फळ येऊ दे. खात्री झाल्याशिवाय कसं सांगायचं?"

ऐकलंत? बापाच्या शंकेला ज्यानं म्हातारचळ म्हटलं, त्याच्या शंकेला आता शहाणपण म्हणायचं! फळ यायला वर्षं लागली. तेवढी वर्षं सर आत बसून राहिले, आपण विसरभोळे आहोत हे पाठ करत.

फळ आलं त्या दिवशी सर मागच्या दाराशी खुर्चीत होते. मुलानं सोलून फोडी त्यांच्या तळहातावर ठेवल्या.

"गोड आहे," सर म्हणाले. "कुठून आणलंस?"

"बाबा, तुमचंच झाड. आईसाठी आणलेलं. तुमचं बरोबर होतं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा त्या खिडकीकडे पाहिलं.

"असेल," ते म्हणाले. "बहुतेक."

त्यांना खरंच आठवत नव्हतं, की आता कशावरही हक्क सांगायची त्यांना भीती वाटत होती, हे मला कळलं नाही. मुलाला कळलं असावं. तो उठून नळापाशी गेला आणि उगाच हात धूत राहिला.

आज मी जमिनीलगत आहे. वर संत्र्याचं झाड आहे. माझे कोंब फुटले की सून कात्रीनं छाटते. मी कोण, माझी जात कोणती, हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. नका विचारू. माझं मागणं वेगळंच आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस जपून, चाचपत बोलत असेल, तर त्याच्या हातातली किल्ली काढून घेण्याआधी एकदा खाली वाकून बुंधा बघा.

राहता राहिली माझी स्वतःची शंका. माझ्या डोक्यावर काय बसवलं होतं, हे इतकी वर्षं मलाही ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. सरांनी बाईंसाठी आणलं होतं, ते संत्रंच होतं. बहुतेक नाही. होतंच.