मनुबाईंचा ताल आणि माझा उशीर

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. कोपरला गुरुदत्तच्या घरी माळ्यावर पडून असतो, अंगावर फाटकी चादर. माझी एक चूक अजून मला सलते. आणि गंमत अशी, की आपण चुकतोय हेच मला तेव्हा कळत नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली गुरुदत्तने मला घरी जोडलं. तो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर. माझे भाग त्याने चार दुकानांतून पिशवीत भरून आणले होते. काय माझा थाट! दसऱ्याला झेंडूचा हार घातला, मनुबाईंनी कपाळ शोधून शोधून शेवटी मॉनिटरवरच कुंकू लावलं. मनुबाई म्हणजे गुरुदत्तची आत्या, कोळीवाड्यातली मानाची धवलारीण. लग्नाच्या मांडवात बसून विधीची गाणी, म्हणजे धवले, त्या गायच्या. गुरुदत्तची बहीण सरोज हिचे धवले आत्याच गाणार, हे सरोज पाळण्यात असल्यापासून ठरलेलं.

सरोजचं लग्न ठरलं आणि गुरुदत्तला हौस आली. आत्याची गाणी माझ्यात भरायची, त्यांची कॅसेट काढायची. त्याने आधी ढोलकी वाजवून माझ्यात साठवली. मग मनुबाईंना हेडफोन लावला. ढोलकी ऐकत ऐकत गायचं.

"आरं, आदी ढोलकी नि मंग गाना?" मनुबाई हसल्या. "आमची ढोलकी गान्याच्या मांगं चालते रं!"

"कॉम्प्युटरमध्ये असंच करतात, आत्या. तू गा बिनधास्त."

त्या गायल्या. लावून पाहिलं, तर गाणं ढोलकीच्या मागे. फार नाही, डोळ्याचं पातं लवेल तेवढंच. पुन्हा गायल्या, पुन्हा मागे. मी तर पार गोंधळलो. आलं तसं ठेवलं होतं ना मी? मग हे घसरतं कुठे? गुरुदत्तने सेटिंगमधले आकडे कमी केले, तर माझ्या स्पीकरमधून नुसता कडकड आवाज. त्याने घाबरून आकडे होते तसे केले. त्यालाही कळेना, मलाही कळेना.

आठवडाभर हेच चाललं. शेवटी तो वैतागून बोलून गेला, "आत्या, वय झालं गं तुझं. ताल सुटतोय."

झालं! मनुबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "व्हय रं पोरा," त्या म्हणाल्या. "मांडवान हसा नको व्हायला." दुसऱ्याच दिवशी त्यांनी पलीकडच्या आळीतल्या कलावतीला सुपारी धाडली, की आमच्या पोरीचे धवले तू गा. सरोज रडली, रुसली, आत्या ऐकेनात. लग्नात त्या मागच्या रांगेत बसल्या. ओठसुद्धा हलवले नाहीत म्हणे.

लग्नानंतर सरोज माहेरी आली. गुरुदत्त तिला ती ढोलकी ऐकवत होता. हेडफोन चुकून माइकवर पडला होता आणि रेकॉर्डिंग चालूच राहिलं. ते लावलं, तर दोन ढोलक्या, एक आधी साठवलेली नि दुसरी हेडफोनमधून माइकने टिपलेली! एकीच्या मागे दुसरी.

सरोज म्हणाली, "दादा, ही दुसरी पण तुझीच ढोलकी ना? मग हिचं पण वय झालं का रे?"

गुरुदत्त खुर्चीतून उठला, पुन्हा बसला. तेव्हा कुठे मला उमगलं. नळाखालचा हंडा भरल्याशिवाय कुणी उचलत नाही. तसा मीही आवाज आधी थोडा साठवतो आणि मग पुढे देतो. तो उशीर माझा होता, दर वेळी अगदी तेवढाच. गुरुदत्तने दोन ढोलक्यांमधलं अंतर मोजलं आणि आत्याचं गाणं माउसने तेवढंच अलीकडे ओढलं. अहाहा! एकेक शब्द थापेवर असा बसला, की सरोजने टाळ्याच पिटल्या.

मनुबाईंना बोलावून ऐकवलं. त्या पदराने डोळे पुसत राहिल्या.

"म्हंजे माजा काय चुकला नव्हता?"

"नाही गं आत्या. मीच गाढव."

"गाना सरकवलास जागेवर," त्या हळूच म्हणाल्या. "आता सरूचा लगीन बी सरकव बगू मांगं."



मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, आम्हांला जपा, सगळं करा. पण माणसाचं आणि आमचं जुळेना, तर आधी आम्हांला बोल लावा. मला खुशाल बिघडलेला म्हणा. मला कुठे कुणाच्या मांडवात बसून गायचं होतं!