पॅनेलवरचे पापड

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. कारण यात मी अमरदीपच्या, म्हणजे माझ्या पार्टनरच्या, आईवर ओरडलोय, आणि ते गाळलं तर बाकीचं सगळं खोटं ठरतं.

पण रोज कोणीतरी फोन करून तेच विचारतं. "दादा, कॅम्पवर जनरेटर आहे ना?" म्हणून एकदाच सांगतो. नाही. आणणारही नाही. का, ते पुढे.

मी स्वरूप. देवरूखपासून अर्ध्या तासावर आमचं गाव, आणि गावाच्या वर सडा. नुसता कातळ. विजेचा एक खांब नाही. जागा अमरदीपची, तंबू दोघांचे, पाहुण्यांना भाड्याने द्यायला. तो आठ वर्षं भिवंडीच्या गोदामात होता. मी बारावी नापास. वायरिंग मला कोणी शिकवलं नाही. आंब्याच्या बागांना झटका मशीन असतं बघा, माकडं आत येऊ नयेत म्हणून तारेत झटका सोडणारं, ती उघडून उघडून शिकलो. पहिल्या वर्षी माकडांपेक्षा जास्त झटके मीच खाल्ले.

सड्यावरचं सोलर मी बसवलं. दोन पॅनेल, दोन मध्यम बॅटऱ्या, एक इन्व्हर्टर. पॅनेल उभं केलं की वारा पाडतो, म्हणून कातळावर जवळजवळ आडवीच टाकली. भोवती झटक्याची तार.

मे महिन्यात हर्षदचा ग्रुप ठरला. पुण्याचा, सोळा माणसं. आमचा पहिला मोठा ग्रुप. तेव्हाच अमरदीपच्या जुन्या सुपरवायझरचा फोन आला, सोमवारपर्यंत सांग, येतोस की दुसरा माणूस घेऊ? अमरदीप मला म्हणाला, "हा ग्रुप नीट गेला तर राहतो. नायतर बॅग भरतो." एवढंच. पण मला झोप नाही.

हर्षदने फोनवर जनरेटरचं तीनदा विचारलं. मी तीनदा म्हणालो, "काही गरज नाही, सगळं चालतं आमच्याकडे."

सगळं. हा शब्द माझा.

शुक्रवारी संध्याकाळी टेस्टिंग म्हणून मी मिक्सर, स्पीकर, लाईटच्या माळा, सगळं लावलं, इन्व्हर्टर बोंबलेपर्यंत. म्हटलं उद्या मे महिन्याचं ऊन, दुपारपर्यंत फुल. शनिवारी सकाळी अमरदीप मोठी गाडी घेऊन ग्रुपला आणायला संगमेश्वर स्टेशनला गेला, मी बर्फ, पाव, चिकन आणायला देवरूखात. साडेचारला वर आलो.

पॅनेल दिसेनात.

दोन्ही पॅनेलवर जुनं लुगडं अंथरलेलं आणि त्यावर फणसाचे पापड. ओळीने. शंभर तरी असतील. सुंदराकाकी, म्हणजे अमरदीपची आई, तंबूच्या सावलीत बसून राखण करत होती. मला बघून इतकी खूश झाली.

"स्वरूप, बघ कसे कडक झाले! खाली अंगणात माकडं एक ठेवत नायत. इथे तुझी तार हाय. आणि काच काय तापते रे, तव्यासारखी!"

झटका मशीन बंद करून तारेच्या आत जायचं, बाहेर आल्यावर चालू करायचं, हे मीच तिला मार्चमध्ये शिकवलेलं. तिने अगदी तसंच केलं होतं.

आणि मी ओरडलो. "अक्कल आहे का काकी? पूर्ण दिवसाची बॅटरी खाल्लीत! पापडांवर चालवू का आता कॅम्प?"

ती उठली. लुगड्याची चार टोकं एकत्र केली, पापडांचं गाठोडं उचललं. जाताना हळूच म्हणाली, "तूच म्हणालेलास, ऊन लागलं की लाईट होते. काच तर तापलीच होती."

मीच तिला अर्धवट सांगितलेलं; काच तापून नाही, तिच्यावर उजेड पडून लाईट होते, हे सांगितलंच नव्हतं. पण माफी मागितली? नाही. मीटर बघत बसलो. अकरा पॉइंट सात. म्हणजे तळाला.

तेवढ्यात गाडीचा हॉर्न.

माणसं उतरली, पाणी प्यायली, आणि दहा मिनिटांत किचन तंबूतल्या बोर्डला सोळा मोबाईल. वर माळा, वर स्पीकर. इन्व्हर्टर कण्हायला लागला.

हर्षदची मावशी, यमुनाबाई, खेडच्या शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका. निळी पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. "बाळा, माझा प्लग कुठला? सातला मला मशीनने वाफ घ्यावी लागते. दमा आहे. सकाळी सहाला परत."

हर्षदला म्हणालो, "हे फोनवर सांगायचं ना!"

"तीनदा जनरेटर विचारला तो काय लग्नाच्या वरातीसाठी? सगळं चालतं म्हणालास तू."

बरोबर होतं त्याचं.

"देवरूखातून मागव," हर्षद म्हणाला. "मंडपवाल्याकडे असेलच." अमरदीपने मोबाईल काढलाही. मी त्याचा हात धरून त्याला तंबूमागे नेलं.

"एकदा आला की जाणार नाही तो," मी म्हणालो. "आज वाफेला, उद्या फ्रीजला, परवा डीजेला. रात्रभर घरघर आणि धूर. मग सड्यावर यायचं कशाला? त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच तंबू ठोक!"

"भाषण नको, स्वरप्या. त्या बाईंना दम लागला तर? बोल."

मी तंबूच्या फटीतून त्या निळ्या पिशवीकडे बघितलं.

"अर्धा तास दे," शेवटी म्हणालो. "नाही जमलं तर मंडपवाल्याला मीच फोन करतो. आणि गाडी वळवून तोंड खाली करून ठेव. चावी गाडीत."

मशीन उलटं करून लेबल वाचलं. एकशे वीस वॅट. पंधरा मिनिटं. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर आकडे मारले. मग सगळ्यांसमोर उभा राहिलो.

"बॅटरी भरलेली नाही. चूक आमची. जेवढी आहे त्यात मॅडमची दोन वेळची वाफ होते, पण मग मोबाईल नाहीत, माळा नाहीत, गाणी नाहीत. तुमचे सोळा मोबाईल भरायला लागतं तेवढ्यात मॅडमची आठ वेळा वाफ होते. मी सगळं काढतोय."

"अरे, माझा चार टक्के आहे!" टोपीवाला एकजण ओरडला.

"मग तीन होईपर्यंत फोटो काढा."

कोणी हसलं नाही. हर्षद म्हणाला, "मावशी, तू सांग. जनरेटर मागवू?"

यमुनाबाई म्हणाल्या, "मला वाफेशी मतलब. जनरेटरवर द्या नाहीतर बैलावर द्या. पण याचं गणित बरोबर आहे." मग वर्गावर ओरडावं तसं, "काय बघताय? काढा रे मोबाईल!"

काढले. टोपीवाल्याने सगळ्यात शेवटी.

सातला मशीन लावलं. अकरा पॉइंट पाच. चार. तीन. मी मीटरसमोरून हललो नाही, अमरदीप गाडीजवळून. पंधरा मिनिटं पूर्ण झाली. बाई तोंडावरचा मास्क काढून म्हणाल्या, "चहा?"

सकाळी सहाला परत. तेराव्या मिनिटाला इन्व्हर्टर पीं पीं करायला लागला. अमरदीपने गाडी स्टार्ट केली. चौदा. बाई माझ्याकडे बघतायत, मी मीटरकडे. पंधरा. मशीन बंद केलं मी, इन्व्हर्टरने नाही. हे मी मरेपर्यंत सांगणार.

निघताना हर्षद म्हणाला, "जागा भारी आहे. जनरेटर घेतलास की फोन कर."

"नाही घेणार."

"मग नाही येणार."

"नका येऊ."

अमरदीपने कपाळावर हात मारला. यमुनाबाईंनी मात्र गाडीत बसल्यावर माझा नंबर मागून घेतला.

दुपारी काकीकडे गेलो. दारातच म्हणालो, "काकी, चुकलो. अक्कल मला नव्हती." तिने कढई ठेवली, चार पापड तळले, ताटली पुढे सरकवली.

"खा. तुझ्याच लायटीवर वाळलेत."

अमरदीप पायरीवर बसून ऐकत होता. मी विचारलं, "सुपरवायझरला काय सांगतोयस?"

"आधी तू सांग. माझी आई तिथे तोंडाला मशीन लावून जीव मुठीत धरून बसली असती, तर तू 'सगळं चालतं' म्हणाला असतास?"

"नाही."

"मग लिहून दे. तोंडी तू कायपण बोलतोस."

म्हणून हे.

अमरदीप, लिहून देतोय. तिसरी बॅटरी येईल ती वेगळी, फक्त आजारी माणसाच्या मशीनसाठी. तिला माळ लागणार नाही, पाहुण्यांचा मोबाईल लागणार नाही, माझाही नाही. बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न मी विचारीन, कोणाला कसलं मशीन लागतं का. 'सगळं चालतं' पुन्हा म्हणणार नाही. आणि पाऊस लागायच्या आत काकीला तारेच्या आत, पॅनेलच्या बाजूला, तिचा स्वतःचा पत्रा टाकून देतो.

जनरेटर मात्र नाही. तू भिवंडीला गेलास तरी नाही. जाऊ नकोस.