दिव्याखालचा तांदूळ

मी एक जुनी बैठक आहे. लोड-तक्क्यांची नव्हे, दिव्याची. फोटो मोठे करून छापण्याचे एक यंत्र असते, त्याला एन्लार्जर म्हणतात. त्याच्या डोक्यात दिवा ज्या पितळी कड्यावर बसतो, ते कडे म्हणजे मी. मित्रांनो, तुम्ही माझे नावही ऐकले नसेल. दिव्याचे कौतुक होते, भिंगाचे होते, फोटोचे तर विचारूच नका. दिवा कुणाच्या आधाराने बसला आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून आज मीच बोलते, आणि जरा चढ्या आवाजातच बोलणार आहे.

परदेशी यंत्रे आपल्याकडे सहज येऊ लागली, त्या काळात हे यंत्र बडोद्याला आले. लहरीपुऱ्यात जयवंतरावांची रंगीत फोटोंची लॅब होती. प्रवासात यंत्राची मूळ बैठक तडकली, म्हणून मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात संपतराव नावाच्या कारागिराने लेथवर मला कातून काढले. दिव्यामागे चकचकीत वाटी असते. तिची कड माझ्यावर सगळीकडून सपाट टेकली, तरच उजेड सरळ खाली पडतो. जराशी कलली, तर कागदाच्या एका कोपऱ्याला उजेड कमी मिळतो आणि फोटो तिथे फिका, पिवळट येतो. दिवे जळून जायचे, नवे यायचे. मी तिथेच.

जयवंतरावांना हे सगळे पाठ होते बरे का! "दिवा बसवण्याआधी बैठक पुसायची. केसाएवढा फरक चालत नाही," असे ते विमलला शिकवायचे. विमल ही त्यांच्या लॅबमधली छपाई करणारी बाई. बडोद्याजवळच्या छाणीहून यायची. तिच्यासारखी रंगाची पारख मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. नवरीचा शालू डाळिंबी की राणी रंगाचा, चेहऱ्यावर निळसर झाक किती आली आहे, हे ती नुसत्या नजरेने सांगायची. गिऱ्हाइके काउंटरवर बजावून जायची, "विमलबेनने ज आपजो!" म्हणजे काम विमलबेनकडेच द्या. हे ऐकले की मलाही बरे वाटायचे. तिच्या कामात माझाही वाटा होताच की.

दसऱ्याला लॅबमध्ये यंत्रांची पूजा व्हायची. जयवंतरावांचा रिवाज असा, की त्या दिवशी जुना दिवा चांगला असला तरी काढायचा, नवा आपल्या हाताने बसवायचा आणि दिवाळीपर्यंत तो हलवायचा नाही. दरवर्षी आधी दिवा बसायचा, झाकण लागायचे, मग पूजा. त्या वर्षी मुहूर्त टळत चालला म्हणून त्यांनी घाई केली. झाकण उघडे, दिवा काढलेला, आणि यांनी वरून हळद, कुंकू, झेंडूची फुले आणि अक्षता घातल्या! मग फुले उचलली, रुमालात धरून नवा दिवा आणला आणि दिला बसवून. रुमाल कशाला? तर बोटाचे तेल काचेला लागू नये म्हणून. काचेची एवढी काळजी, आणि माझ्याकडे डोकावूनही पाहिले नाही! कुंकवाने ओला झालेला एक तांदूळ माझ्या कडेला चिकटला होता. वाटी त्याच्यावरच टेकली आणि दिवा तिरका बसला. मी जिवाच्या आकांताने ओरडले, पण पितळेचे ओरडणे ऐकतो कोण?

नवरात्र नुकतेच संपले होते. गरब्याच्या फोटोंचा ढीग पडला होता. मकरपुऱ्याच्या एका कंपनीतले गृहस्थ आपल्या मंडळाचा मोठा फोटो घेऊन परत आले.

"अरे जयवंतभाई, आ खूणो धोळो केम छे? मारी बेन तो देखाती ज नथी!"

कोपरा खरोखरच पांढुरका पडला होता आणि त्यांची बहीण त्यात दिसेनाशी झाली होती. विमलने रंग सुधारून पुन्हा छापला. तो कोपरा सावरला, तर दुसऱ्या बाजूचे चेहरे काळवंडले. तिने कागद बदलला, रसायन बदलले, भिंग पुसले. शेवटी तिचा हात माझ्या झाकणाकडे आला. आता सुटले, असे मला वाटले.

"हात लावू नकोस!" जयवंतराव ओरडले. "दसऱ्याचा दिवा आहे तो. मी स्वतः बसवलाय."

"पण काका, बाकी सगळं बघून झालं."

"मग स्वतःचे डोळे बघ. एका फोटोत दोन बाजूंचे दोन रंग काढतेस! तुझी नजर गेली, विमल."

संताप संताप झाला माझा. दोष माझ्या डोक्यावर आणि शिक्षा तिच्या डोळ्यांना! त्यानंतर ती प्रत्येक फोटो दारातल्या उन्हात नेऊन पाहू लागली. डोळ्यांवर पाणी मारायची, पुन्हा पाहायची. जो रंग ती पूर्वी झटकन सांगायची, तो आता काउंटरवरच्या माणसाला विचारून घ्यायची. दिवाळी जवळ आली तशी जयवंतरावांनी तिला सांगून टाकले, "उद्यापासून नको येऊस. डोळ्यांना आराम दे." तिच्या जागी अनीश नावाचा तरुण आला. फोटोंचे कोपरे फिके येतच राहिले, पण नवा आहे म्हणून त्याला कुणी बोलले नाही.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी दिवा जळाला. आता रिवाज राहिला बाजूला, झाकण उघडावेच लागले. जयवंतरावांनी दिवा काढला आणि त्यांना तो तांदूळ दिसला. उष्णतेने करपलेला, एका टोकाला अजून लाल. त्यांना सगळे कळले होते. मित्रांनो, पुढे त्यांनी काय केले असेल? तांदूळ बोटावर घेतला आणि कपाळाला लावला. पूजेची अक्षता कचऱ्यात कशी टाकायची? म्हणून सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग मला पुसून नवा दिवा बसवला. फोटो चारी कोपऱ्यांत एकसारखा आला.

पाडव्याला विमल आली. बडोद्यात त्या दिवशी नवे वर्ष लागते, सगळे एकमेकांकडे जातात, तशी तीही आली. "साल मुबारक, काका," म्हणून पाया पडली. मग तिची नजर वाळत घातलेल्या फोटोंवर गेली.

"कोपरा नीट येतोय आता. काय होतं हो?"

बोला, जयवंतराव, बोला!

"काही नाही," ते म्हणाले. "अनीशचा हात चांगला आहे."

"म्हणजे माझेच डोळे होते," विमल म्हणाली.

त्यांनी तिच्या हातावर पेढा ठेवला.

पुढे दुसऱ्या एका लॅबने विमलला बोलावले होते. मला रंग दिसत नाहीत, असे सांगून तिने ते काम नाकारले. अनीशने हे जयवंतरावांना माझ्यादेखत सांगितले. ते ऐकून त्यांनी पंख्याचा वेग वाढवायला सांगितला.

काही वर्षांनी संगणकावर फोटो छापणारे यंत्र आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. इथे मला कुणी पुसत नाही. त्याचा राग आहेच, पण तो गिळता येतो. विमलचा राग गिळता येत नाही.

मित्रांनो, दिवा बदलताना त्याच्या खालची जागा आधी पुसा. यंत्राची पूजा जरूर करा, पण नंतर फुले आणि अक्षता नीट वेचून घ्या. एवढे तुम्ही कराल, मला ठाऊक आहे. मला त्याहून अवघड गोष्ट मागायची आहे. तुम्ही एखाद्याला बोल लावला आणि पुढे चूक तुमचीच निघाली, तर तुम्हांला कळले तेवढ्याने भागत नाही. ते त्या माणसाला कळले पाहिजे. त्याच्या दारात जाऊन सांगा. लहरीपुऱ्याहून छाणी म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. रिक्षा मिळते, अर्ध्या तासात माणूस पोहोचतो. जयवंतराव तिथे अजून गेलेले नाहीत.