वीस आकड्यांचा फोन

मित्रांनो, बाहेरच्या दारामागे, चपलांच्या कपाटावर, नऊ वर्षं भिंतीला चिकटून राहिलेला मी एक जुना वीजमीटर आहे. आज मला तिथून काढलं.

मी प्रीपेड. आधी पैसे भरा, मग वीज घ्या, असा माझा रोखठोक स्वभाव. पैसे संपले की खटकन बंद! म्हणून आयुष्यभर शिव्या खाल्ल्या. कारखान्यातल्या तपासणाऱ्या बाईंनी मात्र "हा फसवणार नाही" म्हणत माझ्यावर शिक्का मारला होता, आणि त्या शिक्क्याला मी जागलो.

या घरात आई एकटीच राहते. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला. दर रविवारी सकाळी लेक पैसे भरायची आणि मिळालेला वीस आकडी नंबर आईला फोनवर सांगायची. आई माझ्यासमोर स्टुलावर बसून एकेक बटण दाबायची. मग गुडघे, औषधं, शेजारणीची सून, सगळ्यांचा समाचार घेतला जायचा. मला तो फोन फार आवडायचा.

गेल्या वर्षापासून आईचे आकडे चुकू लागले.

"आई, सात म्हटलं, सात! आठ कुठून आणलास?"

"अगं, सातच दाबला ना!"

दाबला नव्हता. एकदा तर ती मध्येच थांबली आणि बोट हवेत धरून अनोळखी माणसाकडे पाहावं तशी माझ्याकडे पाहत राहिली. लेकीला वाटलं, माझीच बटणं झिजली.

त्याच सुमारास एका दुपारी विजेची शेगडी चालूच राहिली. ती किती वीज ओढते ते मला लगेच कळतं. एक तास, दोन तास... आई गॅलरीत उन्हात बसलेली. शेवटी माझ्यातले पैसे संपले आणि मी बंद पडलो. आतल्या पंख्याची घरघर थांबली तशी आई उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि काळं पडलेलं पातेलं पदराखाली धरून माझ्यापुढे उभी राहिली.

"बरं झालं बाबा बंद पडलास," ती हळूच म्हणाली. "पोरीला सांगू नकोस हं."

मी कसला सांगतोय! महिन्याभरात पुन्हा तेच झालं. तेव्हाही पैसे संपले म्हणूनच निभावलं. मला भीती वाटू लागली.

लेक मात्र वैतागली. "सारखा अंधार, सारखे ते आकडे! आई, मी साधा मीटर बसवून घेते. महिन्याचं बिल येईल, मी परस्पर भरेन. कटकटच नको." तिचं प्रेमच होतं त्यात. आई "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

आज सकाळी लेक अर्धी रजा काढून आली. तिच्या चहासाठी आईने शेगडीवर दूध ठेवलं. तेवढ्यात वायरमन आला, त्याने मेन बंद केला, आणि दूध राहिलं तसंच. मला उतरवून त्याने स्टुलावर ठेवलं. नवा मीटर बसवला, मेन चालू केला. नव्याचा लाल दिवा भराभर लुकलुकू लागला.

"ताई, लोड बराच दिसतोय," वायरमन म्हणाला.

"गिझर असेल. सही कुठे करू? मला उशीर झालाय. आई, येतेस का स्टॉपपर्यंत? तेवढेच पाय मोकळे होतील."

आईने चपला घातल्या. वायरमनने मला पिशवीत टाकलं. दाराला कुलूप लागलं.

मित्रांनो, अशा वेळी जुन्या वस्तूने "आम्हाला जपा" असं सांगायचं असतं. माझं जाऊ द्या. नवा मीटर कधीच बंद पडणार नाही आणि मला तोंड नाही. तुम्हाला आहे. त्या दोघी अजून जिन्यातच आहेत. हाक मारा त्यांना!