चतुराचे पंख आणि मी

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. प्लोवदिव शहरात रुमियानाबाईंच्या छापखान्यात मी अठरा वर्षं काम केलं. लोकांच्या फाइली वाचायच्या, चित्रांचे चार रंगांत बारीक ठिपके करायचे आणि ते छपाईच्या प्लेटा काढणाऱ्या यंत्राकडे धाडायचे, हे माझं काम.

मी आलो तेव्हा छपाईच्या फाइलींचा एक नियम ठरलेला होता. त्याचं नाव एक्स-वन-ए. त्यात पारदर्शक काहीच चालत नसे. वरचा रंग खालच्याला झाकतो, एवढंच मला शिकवलेलं. त्या नियमाची फाइल मी कधी बिघडवली नाही. "हा आहे म्हणून मला झोप लागते," असं बाई म्हणायच्या.

पुढे एक्स-फोर नावाचा नवा नियम आला. त्यात पारदर्शक रंग तसेच ठेवता येतात. मला तो कोणी शिकवला नाही.

एका मे महिन्यात झिवका नावाच्या चित्रकर्तीने आपल्या गावच्या शाळेसाठी अक्षरांचं पुस्तक केलं. चोवीस मेला आमच्याकडे अक्षरांचा सण असतो. पहिलीतली मुलं मिरवणुकीत ते पुस्तक हाती धरणार होती. 'व'च्या पानावर चतुर हा कीटक होता. आमच्याकडे त्याला 'वोदनो कोन्चे' म्हणतात, म्हणजे पाण्यातलं शिंगरू. फिकट निळे, आरपार दिसणारे पंख, आणि त्यांच्या मागे लव्हाळं.

फाइल नव्या नियमाची होती. पंखांपाशी मी अडलो. रंग आहे, तरी खालचं झाकत नाही, हे कसं? मला फार कुतूहल वाटलं. पण 'कळलं नाही' असा इशारा काही मी दिला नाही. लव्हाळं झाकून मोकळा झालो.

छापलेला पहिला कागद पाहून झिवकाचा चेहरा पडला. "बाई, चतुराच्या अंगावर ही निळी फडकी कोणी वाळत घातली?"

"तुझ्याच फाइलीत काहीतरी असणार. माझा संगणक चुकत नाही."

"मग माझ्या पडद्यावर बघा ना एकदा."

बाईंनी छापलेला कागद पडद्याशेजारी धरून बघितला. मग म्हणाल्या, "चुकलं माझं. फाइल कुठल्या नियमाची, हे मी विचारलंच नाही. ह्याला बिचाऱ्याला जुनाच नियम येतो."

"सण परवावर आलाय. पंख काढून टाकू?"

"मग त्याला चतुर कोण म्हणेल? बस इथे."

झिवकाच्या संगणकावर दोघींनी पंख आणि लव्हाळं मिसळून एकच सपाट चित्र केलं. जुन्या नियमाची ती फाइल मी सहज वाचली. कागदावर पंखांतून लव्हाळं दिसू लागलं.

"निळा जरा कमी करता येईल?" झिवकाने विचारलं.

"ह्या फाइलीत नाही. आता पंख वेगळा उरलाच नाही. म्हणून तुझी मूळ फाइल जपून ठेव."

पुस्तकं वेळेवर गेली. त्या हिवाळ्यात नवा संगणक आला आणि मी मागच्या खोलीत गेलो. जुन्या पुस्तकाची फाइल निघाली की बाई माझ्यावरची धूळ पुसतात.

मित्रांनो, यंत्राला काम देण्याआधी त्याला काय येतं ते विचारा. आणि स्वतःला एखादी गोष्ट कळली नाही, तर माझ्यासारखे गप्प बसू नका. आरपार दिसणं म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला सांगता येत असेल, तर मला ऐकायचं आहे.