अकरा वर्षं निरंक

कारकुनाने नोंदवही टेबलावर ठेवली आणि फडक्याने तिच्यावरची धूळ पुसली. धूळ तशी नव्हतीच. पण समोर अधिकारीबाई आणि शेजारी थोरली बहीण बसलेली असताना हातांना काहीतरी काम हवं होतं.

चाळीस वर्षं अक्का गावाबाहेरच्या दलदलीतली लव्हाळी कापून चटया विणत आली होती. नवं धोरण आलं तेव्हा कारकुनानेच तिला सांगितलं होतं, "हरकत घे. दहा वर्षांच्या नोंदींत जिथे पाणी दिसेल, ती पाणथळ राखायची, बाकीच्यांवर भराव. तुझ्याकडे तर पाणीच पाणी." धोरण त्याने दोनदा वाचलं होतं. वही तेवढी उघडून पाहायची राहिली.

बाईंनी पानं उलटली. आधी एकेक, मग भराभर.

"मावशी, इथे पाणीच नाही."

"कुठे?"

"वहीत. दर महिन्याला पातळी निरंक. अकरा वर्षं निरंक."

"म्हणजे काय?"

"शून्य."

"अगं बाई! मग मी गुडघ्यापर्यंत भिजते ती काय घामाने?"

बाईंना हसू आलं. कारकुनाला आलं नाही.

दलदलीत उभी केलेली मोजपट्टी पहिल्याच वर्षी चिखलात गेली होती. त्याने नवी मागितली, दोनदा, आली नाही. रकाना कोरा ठेवला की तक्ता वरून परत यायचा. 'मोजलं नाही' लिहिलं की 'का नाही?' असं पत्र यायचं. 'निरंक' लिहिलं की कोणी काही विचारत नसे. कचेरीत इतका समजूतदार शब्द दुसरा नाही: नसलेलं आणि न पाहिलेलं, दोन्ही तो मुकाट्याने पोटात घालतो. पुढे पुढे तर कारकून वर्षाचे बाराही महिने एका बैठकीत भरून टाकी, आणि त्या दिवशी घरी लवकर जाई.

"मॅडम, ते शून्य नाही," तो म्हणाला. "मोजलंच नव्हतं."

"कोणी?"

"मी."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"तसं लिहून द्या. नोंदी रद्द करून फेरमोजणी लावता येईल मला." त्यांनी आवाज खाली आणला. "पण चौकशी लागणार. निवृत्तीला किती राहिले?"

"चार महिने."

"पेन्शन अडकेल. ते काही माझ्या हातात नाही."

त्याने पेनाचं टोपण काढलं. तारीख घातली. नाव लिहिलं. हुद्दा लिहिला, तो जरा सावकाश. मग 'मी असे लिहून देतो की' इथवर येऊन पेन थांबलं.

अक्का कागदाकडे पाहत नव्हती. तिला वाचता येत नव्हतं. ती त्याच्या मानेकडे पाहत होती, आणि कॉलरच्या आतून निघालेली घामाची धार तिला दिसत होती.

"बाई, मी हरकत मागे घेते."

"अक्का, तू मध्ये बोलू नकोस."

"तूच गप्प बस. मला काय कळतं मोजण्यातलं? ओलं दिसलं की पाणी म्हणते मी. अंगठा कुठे लावू?"

बाईंनी कारकुनाकडे पाहिलं. त्याने आणखी एकदा 'अक्का' म्हणायला हवं होतं. त्यासाठी तोंड उघडलंही. पण तोवर हाताने पेनाला टोपण लावून टाकलं होतं.

कचेरीच्या पायऱ्या दोघं बरोबरच उतरली. शेवटच्या पायरीवर ती थांबली आणि शाई लागलेला अंगठा लुगड्याच्या काठाला पुसू लागली.

"भरावाच्या कामावर बायका घेणार आहेत म्हणे. घमेली वाहायला."

"घेतील," तो रस्त्याकडे बघत म्हणाला.

"मग माझा अर्ज लिहून दे. वय दहाने कमी घाल. तू लिहिलेलं त्यांना खरं वाटतं."