नॉर्बर्ट झास्ट्रोची मतं

“सोडा?” नॉर्बर्ट झास्ट्रोनं मुलीच्या ग्लासाकडे असं पाहिलं, जणू त्यात पाल पडलीय. “हरणांच्या शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस, आणि माझी पोरगी सोडा पिणार?”

“मला गाडी चालवायचीय, बाबा.”

“गाडी मी चालवतो.”

“म्हणूनच,” जेनेल म्हणाली.

काउंटरवरचे सगळे हसले. नारिंगी जाकिटं घातलेली ती शिकाऱ्यांची रांग एकदम हसली, की गोदामात भोपळे गडगडल्यासारखं वाटतं. नॉर्बही हसला, पण इतरांपेक्षा किंचित उशिरा. काउंटरच्या आत उभं राहणाऱ्या बाईला असले उशीर दिसतात.

हा बार माझ्या वडिलांचा. त्यांच्यामागे मी चालवते, आणि माणसांचा जमाखर्च मनात मांडत बसते. विस्कॉन्सिनच्या या उत्तर टोकाला हिवाळे लांब असतात, माणसाला काहीतरी छंद लागतो. नॉर्बनं जन्मभर दुधाचा टँकर चालवला. पहाटे गोठ्यागोठ्यांतून दूध उचलायचं आणि चीजच्या कारखान्यात नेऊन ओतायचं. पुरुषभर बर्फ पडलं तरी त्याचा खाडा नाही. त्या टँकरमध्ये बोलायला कुणी नसायचं, त्यामुळे साठलेली सगळी मतं तो माझ्या काउंटरवर आणून रिकामी करायचा.

पेयांबद्दल त्याचं मत ठाम होतं. ओल्ड फॅशन्ड करायचं ते ब्रँडीचंच. ग्लासात साखरेची वडी, संत्र्याची फोड आणि चेरी घालून आधी चांगलं चेचायचं, मग ब्रँडी, वरून गोड सोडा. बाकीचा देश त्यात व्हिस्की घालतो. “आणि बाकीच्या देशाचं काय झालंय ते बघा,” असं म्हणून तो पहिला घोट घ्यायचा.

सुट्टीबद्दलही मत होतं. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून माणसानं बादलीवर बसावं आणि त्या भोकाकडे बघावं. मासा लागला तर त्याची मर्जी. मासे कुठे आहेत ते पडद्यावर दाखवणारी यंत्रं घेऊन येणाऱ्यांचा त्याला मनापासून तिटकारा. “हे लोक सुट्टीतसुद्धा कामावर जातात,” तो म्हणायचा. “मी अर्लीनला आठ-आठ तास त्या भोकापाशी घेऊन बसायचो. बाई एकदा तक्रार करेल तर शपथ.” अर्लीन म्हणजे त्याची बायको. ती आता नाही, म्हणून खरं-खोटं विचारायची सोय राहिलेली नाही. मला ती एकदा म्हणाली होती, की त्या बादलीवर बसून तिनं आमच्या चर्चमधल्या निम्म्या मुलांचे स्वेटर विणले.

आणि बंदुकीबद्दलचं मत तर सगळ्या तालुक्याला पाठ होतं. “ज्याची बंदूक त्याच्याकडे. सरकारनं त्यात नाक खुपसू नये.” इथवर सगळे माना डोलवायचे. पुढचं मात्र तो एकटाच म्हणायचा. “पण सरकारला यायला जागा ठेवायची नसेल, तर आपलं घर आधी आपण झाडावं.”

हे नुसतं बोलणं नव्हतं. माझ्या लहानपणी एकदा मोसमातल्या दुपारी दोन साडू फुटबॉलवरून भांडले, आणि त्यातला एक गाडीतली बंदूक आणायला तरातरा निघाला. लोकांनी त्याला दारातच धरलं, झालं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी नॉर्ब गोठ्यातलं एक घमेलं घेऊन आला आणि त्यानं ते काउंटरच्या टोकाला ठेवलं. बंदूक गाडीत राहील. तिचा बोल्ट, म्हणजे तिच्या पोटातला तो सरकता लोखंडी दांडा, या घमेल्यात पडेल. मगच ग्लास मिळेल. बोल्ट काढला की बंदूक म्हणजे नुसती काठी. वडिलांनी मान डोलावली, आणि तेव्हापासून आमच्याकडे तो रिवाज झाला. कुणी आपल्या बोल्टला दोरा बांधतं, कुणी चिकटपट्टी लावतं. नॉर्बनं कधी काही लावलं नाही. न बघता घमेल्यात हात घालायचा आणि आपला बरोबर उचलायचा. “बायकोचा हात अंधारात ओळखतो की नाही माणूस?” तो म्हणायचा.

तर त्या शनिवारी नॉर्ब हात धुवायला गेला आणि जेनेल काउंटरवरून पुढे वाकली. ती मॅडिसनला असते, शाळेत शिकवते. बापाचा हट्टी जबडा तिच्याकडे जशाचा तसा आलाय.

“मार्लिस, तू त्याला रोज बघतेस. खरं सांग, कसा आहे?”

“जसा होता तसाच. आमच्या कानांना त्रास.”

“थट्टा नको. गेल्या महिन्यात स्वतःच्या गोठ्यापासून घरी यायची वाट चुकला. शेगडी चालू ठेवून झोपला. येत्या गुरुवारी सणाचं जेवण झालं, की मी बंदूक घेऊन जाणार आहे. नाही म्हणाला तर कोर्टात जाईन.”

“कोर्टात? अगं, तो मरेल.”

“बंदुकीनं कुणी मेलं तर?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाच तिला राग आला. “तुला काही दिसलं तर मला सांगशील? एवढंच मागतेय.”

मी फडक्यानं काउंटर पुसला. पुसायला तिथं काही नव्हतं.

नॉर्ब आला, त्यानं वाडग्यात उरलेली चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा रस्सा, पुसून खाल्ला, टोपी घातली, घमेल्यात हात घातला आणि निघाला. जेनेल त्याला मचाणापाशी सोडून घरी जाणार होती. तासाभरानं ड्वेन कोलार उठला. हा आमच्याकडे बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करतो, आवाज मोठा आणि मन साधं. त्यानं घमेलं ढवळलं, मग उपडं केलं.

“माझा कुठंय? लाल पट्टीवाला?”

ज्यानं त्यानं आपापला उचलला, शेवटी काउंटरवर एकच बोल्ट उरला. काळसर, मूठ झिजून गुळगुळीत झालेली, कसलीही खूण नसलेला. कुणाचा ते सांगावं लागलं नाही. आधी एक-दोघं हसले, मग कुणीच हसेना. परका बोल्ट बंदुकीत नीट बसला नाही आणि तरी बार उडवला, तर तो पुढे जाण्याऐवजी मागे फुटतो. तोंडावर.

“चल,” मी ड्वेनला म्हणाले, आणि बार तसाच टाकून निघाले.

मचाण देवदारांच्या दलदलीच्या काठावर आहे. आम्ही लांबूनच नावानं हाका मारत गेलो. मग वर नारिंगी टोपी हलली. नॉर्ब वर बसला होता. बंदूक मांडीवर होती आणि अर्धवट घुसलेल्या बोल्टवर तो तोंडानं वाफ सोडत होता.

“थंडी फार आहे आज,” तो म्हणाला. “बसतच नाहीये. तेल गोठलंय बहुतेक. ड्वेन, तुझ्याकडे तेल आहे का रे?”

ड्वेननं माझ्याकडे पाहिलं. मी शिडीच्या दोन पायऱ्या चढले आणि खिशातला बोल्ट वर केला. नॉर्बनं तो घेतला. अंगठा आपोआप त्या झिजलेल्या मुठीवर जाऊन बसला. मग त्यानं बंदुकीतला बाहेर ओढला. लाल पट्टी होती त्याच्यावर. आंधळ्यालाही दिसावी अशी.

तो एक बोल्ट या हातात आणि एक त्या हातात धरून बसला.

“मी हा ठोकून बसवणार होतो,” तो म्हणाला. “दगड शोधत होतो.”

“दगड बर्फाखाली आहेत, म्हणून वाचलास,” ड्वेन म्हणाला. त्याला विनोद करायचा होता, जमला नाही.

“जेनेलला सांगितलंस?” नॉर्बनं मला विचारलं.

“नाही.”

“सांगणारेस?”

आता माझ्यावर होतं. नाही म्हणाले असते तर पुढच्या मोसमात तो याच मचाणावर असता. हो म्हणाले असते, तर पोरीनं कोर्टाचा कागद आणून ज्याची बंदूक त्याच्याकडून काढून घेतली असती, आणि मग ब्रँडी कसली नि सुट्टी कसली, त्या माणसाचं एकही मत उभं राहिलं नसतं.

“तू सांग ना नॉर्ब, काय करू ते,” मी म्हणाले. “आजवर कधी विचारायची वेळ आली नाही. न विचारता सांगतोस.”

तो हसला नाही. काडतुसं एकेक करून त्यानं खिशात टाकली, शिडी उतरला आणि बंदूक माझ्या हातात दिली.

“तुझ्याकडे ते लोखंडी कपाट आहे. त्यात ठेव. आणि ऐक, कुणी घेतली नाही माझ्याकडून. मी ठेवायला दिली. कुणी विचारलं तर हेच शब्द. बदल करायचा नाही.”

“नाही करणार.”

“ड्वेन, तुझा बोल्ट घे. घाणेरडा ठेवतोस. पुसत जा.”

नॉर्बच्या घरी जेनेल भोपळ्याचं गोड सारण भरायची ‘पंपकिन पाय’ची पोळी लाटत होती. नॉर्ब बूट न काढताच स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं सगळं स्वतःच सांगितलं. दगडाचंसुद्धा. मी दारातच उभी होते. ती पिठाचे हात तसेच घेऊन त्याच्या गळ्यात पडली, आणि तो म्हणाला, “जाकीट खराब करतेस, पोरी. आणि त्या सोड्याबद्दल माझं मत अजून तेच आहे.”

रविवारी दलदलीत हाका होता. अर्धे लोक पलीकडच्या टोकाला बंदुका घेऊन उभे राहतात आणि बाकीचे ओरडत, झाडांवर काठ्या बडवत हरणं त्यांच्याकडे हुसकतात. हाकायचं काम आमच्याकडे शाळकरी मुलं आणि नवे जावई करतात. नॉर्ब सकाळी चर्चमधून थेट आला, हातात काठी.

“मला हाक्यात घे,” तो ड्वेनला म्हणाला.

“नॉर्ब, अरे तू तर...”

“कुठं उभा राहू ते सांग.”

ड्वेननं त्याला मधली जागा दिली, म्हणजे दोन्ही बाजूंनी कुणीतरी असेल. उजवीकडे मी राहिले. शिट्टी झाली आणि रांग देवदारांत शिरली. सगळे नुसते हो-हो करत होते. नॉर्ब आपली भाषणं ठोकत निघाला. “उठा रे व्हिस्कीवाल्यांनो! तळ्यावर यंत्रं घेऊन येणाऱ्यांनो, उठा!” झाडांवरचं बर्फ त्याच्या टोपीवर पडत होतं. जावई हसून हसून वाट चुकत होते. त्याला मात्र वाट बरोबर सापडत होती, काही झालं तरी ही दलदल त्याच्या पायांना माहीत होती.

मध्यावर तो एकदम गप्प झाला. मी दचकून वळले.

पडलेल्या एका देवदाराच्या मागून हरणाचा नर उठला होता. म्हातारा, मानेत जाड, शिंगं अशी की बारमधली कुठलीही भिंत त्यांना पुरली नसती. शहाणं जनावर हाक्याच्या पुढे पळत नाही, रांगेतून मागे सटकतं. ते नॉर्बच्या समोर उभं होतं, काठी लांबवली असती तर लागली असती एवढ्यावर. नॉर्बचे दोन्ही हात खाली होते. तोंड ओरडायला उघडलेलं, तसंच राहिलं होतं. दोघांच्याही नाकातोंडातून वाफ निघत होती. मग हरणानं मान फिरवली आणि आमच्या दोघांच्या मधून, अजिबात घाई न करता, मागच्या झाडीत निघून गेलं.

पलीकडच्या टोकावरून ड्वेनचा आवाज आला. “नॉर्ब! गप्प का झालास? काही उठलं का तिकडं?”

नॉर्बनं माझ्याकडे पाहिलं.

“काही नाही!” तो ओरडला. “इकडं सगळं रिकामं आहे!”

हातमोज्यानं नाक पुसून त्यानं काठी उचलली, आणि बर्फातल्या त्या खुरांच्या ठशांवर पाय न देता बाजूनं पुढे चालू लागला.